आत्ताच निघाला

आमच्या अंगणात बसलेल्या कुठल्याही पोराच्या घरून फोन आला की माझा नवरा एकच बोलायचा. "आत्ताच निघाला. पोचेल इतक्यात." पोरगा समोरच असायचा, खुर्चीत पाय पसरून, हातात चहाचा ग्लास. त्याच्याकडे बघत बघत वाजिद त्याच्या आईला सांगायचा, "निघाला हो काकी, माझ्यासमोर गाडी चालू केली त्याने." फोन ठेवला की सगळं अंगण खो-खो हसायचं. मी आतून ओरडायचे, "दोजखात जाशील मेल्या! रोज उठून खोटं!" तर म्हणायचा, "अगो अनीसा, एवढ्याशा खोट्याने पोरांना अर्धा तास मिळतो. तुझं काय जातं?"

वाजिदला मी नावानेच हाक मारते. आते-मामे भावंडं आम्ही, पेणच्या एकाच गल्लीत एकमेकांच्या झिंज्या उपटत वाढलो. आता 'अहो' कुठून आणू?

अंगणात चहाचं दुकान काढायचं खूळ त्याने दोह्याहून आणलं. तिथे तो एका तुर्की शेठच्या चहाखान्यात कामाला होता. शेठ त्याला स्वतःच्या गावचे फोटो दाखवायचा. जुनं शहर, दगडी घरं, घरांच्या मधोमध अंगण, अंगणात झाड, आणि झाडाखाली जवान पोरं-पोरी एका ग्लासावर दिवस दिवस बसलेली. त्यांना कुणी ऊठ म्हणत नाय, कुणी हटकत नाय. ते फोटो आमच्या साहेबांच्या डोक्यात जे जाऊन बसले ते उतरायला तयार नाय. परत आला, घराच्या अंगणात चिकूच्या झाडाखाली टेबलं मांडली, बारीक कमरेचे काचेचे ग्लास मांडले आणि पेणच्या पोरांना काळा चहा पाजला. पोरांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "चाचा, काढा कुणासाठी केलाय?" दुसऱ्या दिवसापासून मी दुधाचं आधण ठेवलं. ग्लास तेवढे त्याचे राहिले.

पण पोरं आली हो. खोटं कशाला बोलू, झुंडीने आली. नागोठण्याच्या, रोह्याच्या कंपन्यांतली कंत्राटी पोरं, शिफ्ट सुटली की. गणपतीच्या कारखान्यातल्या पोरी, नखांत रंग घेऊन. कॉलेजची. आमच्यातली आखाताच्या व्हिसाची वाट बघत बसलेली फहादसारखी पोरं, ज्यांना घरात जेवताना पण टोमणे खावे लागत. मी कितीही तणतणले तरी मला दिसत होतं. घरी बाप, कंपनीत सुपरवायझर, आणि नाक्यावर कोण कोणाशी बोलतो ते बघत बसलेले रिकामटेकडे. ह्यांनी बसायचं कुठे? आमच्या अंगणाला चार भिंती होत्या, फाटक होतं आणि वाजिद होता.

त्याचं ते वाक्य म्हणजे तर अंगणाचा कायदाच झाला होता. फोन वाजला की तो एक बोट वर करायचा आणि सगळी चिडीचूप. मोबाइलवरची गाणी बंद, पत्त्यांचा डाव तसाच हवेत. एकदा एक बाप स्वतःच आला, फाटकात उभा. पोरगा माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या गोणीमागे दडलेला, आणि वाजिद त्या माणसाला चहा पाजत म्हणतोय, "रस्त्यात चुकामूक झाली बघा तुमची!" त्या बापाने चहा प्यायला आणि गेला बिचारा. पोरांनी वाजिदला खांद्यावर घेऊन नाचवलं. फहादने तर काळ्या टीशर्टवर पांढऱ्या अक्षरांत ते वाक्य छापून आणलं. वाजिद तो घालून बाजारात जायचा.

प्रणित हा ह्या सगळ्यांत माझा लाडका. सीताबाईंचा धाकटा. त्यांचं घर गडबजवळ, खाडीच्या अंगाला. आजा-पणजाने मिठागरावर जन्म काढला, आता थोडी भातशेती आणि दोन मुलगे कंपनीत. थोरला हरेश कायम, प्रणित कंत्राटावर, नागोठण्याला. रात्रपाळी सुटली की हा आपल्या घराचा फाटा सोडून सरळ पेणपर्यंत यायचा. डोळे झोपेने लाल, आणि तोंडावर हे एवढं हसू. का येतो ते सगळ्या अंगणाला माहीत. मृणालीसाठी.

मृणाली गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायची. कामावर जायच्या आधी येऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसायची. ती दोघं बोलायची तरी काय, देव जाणे. बहुतेक वेळ तो अर्धवट झोपेत असायचा आणि ती त्याच्या ग्लासातला चहा निवत चाललेला बघत बसायची. दोघांची जात वेगळी. तिच्या घरी कळलं असतं तर कॉलेज, कारखाना, बाहेर पडणं, सगळं एका दिवसात बंद झालं असतं. म्हणून आमच्या अंगणाबाहेर ती दोघं एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नसत. सीताबाईंना एवढंच ठाऊक, की पोरगा वाजिदभायकडे चाय पितो. त्याला उशीर झाला की त्यांचा फोन यायचा, वाजिद ठरलेलं सांगायचा, आणि त्या म्हणायच्या, "बरं झालं गो बाय, तवा ठेवते." आमच्या ह्याला पण 'गो बाय' म्हणायच्या घाईत.

त्या दिवशी दसरा होऊन गेला होता. भात कापायला आलं होतं. सकाळची वेळ, मी कढईत समोसे सोडत होते, वाजिद टेबलं पुसत होता. फोन वाजला. त्याने बोट वर केलं. अंगण गप्प.

"वाजिदभाय, प्रणित हाय काय तिथं? आज सरळ शेतावर येतो बोलला व्हता कापणीला. फोन पण उचलत नाय."

"आत्ताच निघाला, सीताबाई. हा काय, येईलच बघा."

मला आतून दोघांचंही ऐकू आलं, कारण वाजिद बहिऱ्यासारखा फोन मोठ्याने लावतो. फोन ठेवून तो प्रणितची थट्टा करायला वळला तर खुर्ची रिकामी.

"अरे, हा कुठाय?"

"तो आलाच नाय आज," फहाद म्हणाला.

वाजिद जोरात हसला. "ती पण नाय ना? मग काय! दोघं गेली असतील कुठेतरी फिरायला. जाऊ दे रे, चार दिवस जगू दे पोरांना." अंगण हसलं. समोसे काढता काढता मी पण हसले.

मग दोनेक तास गेले असतील. गिऱ्हाईक होतं, मला मान वर करायला फुरसत नव्हती. फाटक वाजलं म्हणून बघितलं तर मृणाली. एकटी. कारखान्यात चहाची सुट्टी झाली होती, तेवढ्यात धावत आली होती. सकाळी तिला घरून निघायलाच उशीर झाला, परस्पर कामावर गेली होती.

"चाचा, प्रणित येऊन गेला काय? सकाळपासून मेसेज पण बघितला नाय त्याने."

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. मी वाजिदकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

"तुझ्याबरोबर नव्हता?" तो म्हणाला.

"नाय. का? काय झालं चाचा?"

त्याने प्रणितला फोन लावला. रिंग जात होती. परत लावला. जात होती, नुसती जात होती. मी गॅस बंद करून बाहेर आले.

"वाजिद, सीताबाईंना फोन लाव. सांग त्यांना, पोरगा इथे आलाच नव्हता."

"थांब जरा. झोपला असेल कुठे. रात्रपाळी करून दमतात पोरं."

"झोपला असेल तर उठवतील. तू सांग आधी!"

"नि काय सांगू, अनीसा? आलाच नव्हता तर मग निघाला कसा, असं विचारलं तर काय बोलू? उद्या गावभर होईल, वाजिद खोटं बोलतो म्हणून. एकही आईबाप परत माझ्यावर भरवसा ठेवणार नाय. इथली सगळी पोरं उघडी पडतील. ही पोरगी उघडी पडेल." त्याने मृणालीकडे बोट केलं. "तिच्या बापाला ओळखतेस ना तू?"

ओळखत होते. म्हणून मीही तेवढ्यापुरती गप्प बसले का? नाय, मी गप्प नव्हते, मी त्याच्या हातातून फोन ओढत होते, आणि तेवढ्यात फाटकात गाडी थांबली. हरेश. प्रणितचा थोरला भाऊ. अंगभर धूळ, कापणीचा विळा तसाच कमरेला.

"वाजिदभाई, नक्की कधी निघाला तो इथून?" धापा टाकत होता. "गडबपासून वडखळ, वडखळपासून इथपर्यंत सगळा रस्ता बघत आलो. दोनदा. गॅरेजवाल्यांना विचारलं, टपरीवाल्यांना विचारलं. वडखळच्या दवाखान्यात बघून आलो. कुठेच नाय. आय तिकडे रडून रडून बेजार झालीय. कुठल्या बाजूने गेला? पेट्रोलला थांबतो बोलला काय?"

सगळी पोरं खाली मान घालून बसली होती. कायदा होता ना! अंगणातली गोष्ट बाहेर सांगायची नाय. आणि वाजिद, माझा नवरा, ज्याने आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाय, तो त्या पोराच्या तोंडाकडे बघत बोलायला लागला.

"सकाळी... आपलं नेहमीच्या वेळेला. निळा शर्ट होता वाटतं अंगात."

निळा शर्ट! अल्ला, त्याला कुठून सुचला तो शर्ट मला आजपर्यंत कळलेलं नाय. मी त्याला विचारलं पण नाय. विचारलं तर मी त्याला काहीतरी फेकून मारेन अशी मला भीती वाटते.

"निळा?" हरेश म्हणाला. "बरं. निळा." आणि गाडीकडे वळला, परत तोच रस्ता शोधायला.

"तो आलाच नव्हता."

मृणाली बोलली. कोपऱ्यातून पुढे आली होती, ओढणी दोन्ही मुठींत धरून. "दादा, तो आज इथे आलाच नाय. मला रात्री मेसेज होता, सुटलो की येतो म्हणून. पण पोचलाच नाय. तो कंपनीतून सुटला आणि मधेच कुठेतरी... तुम्ही नागोठण्याच्या बाजूला बघा. ह्या बाजूला नका शोधू."

हरेश तिच्याकडे बघत राहिला. "तू कोण?"

तिने मान खाली घातली नाय. "मी मृणाली," एवढंच म्हणाली, आणि त्याला कळायचं ते कळलं.

मी म्हटलं, "खरं सांगतेय ती, हरेश. सकाळी आईला सांगितलं ते खोटं होतं. जा बाबा, आधी जा." हरेशने वाजिदकडे ज्या नजरेने बघितलं, त्यापेक्षा त्याने दोन ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्याला तेवढा वेळ नव्हता. फहाद उठला, त्याच्यामागे सगळी पोरं उठली, आणि एकामागून एक गाड्या हायवेच्या दिशेने गेल्या. भरलेलं अंगण बघता बघता ओस पडलं. अर्धे ग्लास टेबलांवर तसेच. मृणाली माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून होती, कारखान्यातून फोनवर फोन येत होते आणि ती एकही उचलत नव्हती.

फहादला सापडला तो. नागोठण्याकडून येताना गडबच्या अलीकडे, त्यांच्याच शेताच्या बांधाला लागून हायवेखालून एक मोरी जाते, तिथे. घरापासून हाकेवर आला होता पोरगा. पहाटेचा डोळा लागला असणार. गाडीसकट खाली गेला, वर पुरुषभर गवत, रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसणार? फोन बॅगेत होता, सायलेंटवर. फहादला आधी गाडीचा आरसा चमकलेला दिसला.

जिवंत होता. फहाद फोनवर ओरडला, "चाची, श्वास चाललाय!" आणि मी तिथेच, गॅसपाशी, दोन्ही हात वर केले. मृणाली माझ्या गळ्यात पडून रडली. आम्ही दोघी मूर्खासारख्या हसत होतो, रडत होतो. वाजिद दारात उभा राहून "या अल्ला, या अल्ला" करत होता. वाचला असं वाटलं होतं आम्हाला.

अँब्युलन्स पनवेलच्या वाटेवर असतानाच तो गेला. डॉक्टर हरेशला म्हणाले, रक्त आतल्या आत गेलं, सकाळच्या सकाळी आणला असता तर हातात काहीतरी होतं. डॉक्टर लोकांनी असलं बोलू नये. पण बोलले.

माती झाली. वाजिद गेला होता, लांब उभा राहिला आणि आला. सगळ्या गावाला सगळं कळलं होतं. मृणालीचं कारखान्यात जाणं बंद झालं, तिच्या काकाकडे कुठे नाशिकच्या बाजूला पाठवली म्हणतात. तिला दुखवट्यालाही जाऊ दिलं नाय. माझ्याकडे आईबापांचे फोन आले, शिव्या आल्या. मी ऐकून घेतल्या. काही पोरं नंतर आली, बसली, पण त्यांना एकमेकांशी काय बोलायचं तेच सुचेना. फोन वाजला की सगळी दचकायची. मग येईनाशी झाली. फहादचा व्हिसा आला, तो न सांगताच गेला. वाजिद दिवसभर ओट्यावर बसायचा. फोन त्याने माझ्याकडे देऊन टाकला होता. मी त्याच्याशी भांडत होते, रोज भांडत होते, कारण भांडायची थांबले असते तर त्या घरात कुणी बोललंच नसतं.

आणि एका दुपारी सीताबाई आल्या.

तेरावं होऊन गेलं होतं. फाटकात उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर, हातात पिशवी, बाजाराला आल्यासारख्या. मी मनाशी म्हटलं, आता ही बाई जे काय बोलेल ते बोलू दे. ह्याच्या तोंडावर थुंकली तरी मी मधे पडायची नाय. वाजिद उभा राहिला.

त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी जाऊन बसल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तो कुठे बसायचा ते. मी पाणी दिलं. सगळं प्यायल्या.

"सीताबाई," वाजिद म्हणाला, "मी... तुम्ही मला काय पण बोला. मारा. मी पोलिसात जाऊन सांगतो, माझ्यामुळे—"

"हरेशने मला सगळं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मी भांडायला नाय आले, वाजिदभाय. मला कुणाला तरी सांगायचंय. हरेशला सांगितलं तर तो तुम्हाला जिता नाय ठेवायचा. माज्या मालकांना सांगितलं तर ते मला बोलतील. म्हणून तुमच्याकडं आले."

वाजिद खाली बसला, जमिनीवरच.

"त्या दिवशी मी पहाटेपासून कापणीला व्हते. खाचरात चिखल हाय अजून. पाय भरले व्हते गुडघ्यापर्यंत. प्रणित येत नाय, येत नाय, म्हणून वर रस्त्यावर आले आणि मोरीवर बसून तुम्हाला फोन केला."

मी म्हटलं, "कुठल्या मोरीवर?" का विचारलं मी? मला कळलं होतं.

"आमच्या शेताला एकच मोरी हाय गो. फोन झाला का खाली उतरून पाणवठ्यावर पाय धुणार व्हते. रोज तिथंच धुते. गवतातून वाट हाय माझी." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. "तुमी बोललात, निघाला. म्हटलं, रातभर जागलेलं पोरगं, भुकेलं यील. तशीच चिखलाच्या पायांनी घरी गेले, भाकरी थापायला."

वाजिदच्या तोंडातून आवाज फुटला, तो रडण्याचाही नव्हता. सीताबाई त्याच्याकडे बघत होत्या, रागाने बघत असत्या तर मला सोसवलं असतं.

"दागदर बोलला, दुपारपर्यंत जिता व्हता," त्या म्हणाल्या. "म्हंजे मी वर बसून बोलत व्हते तवा त्याला माझा आवाज येत असंल, नाय?"

सीताबाई उत्तराची वाट बघत बसून राहिल्या.